मार्थाबाईंचं गोंदण

“पण मास्तर, खोट्याला खोटं म्हणायचं नाही, तर मग काय म्हणायचं?”

अनुग्रहनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

थोमा मास्तर ओसरीवर मांडी घालून तुरीच्या शेंगा सोलत होते. हिरवे दाणे परातीत टपटप पडत होते.

“मास्तर...?”

“ऐकतोय मी. बोल तू.”

अनुग्रह पारधे अकरा वर्षांनी सोनखांबला आला होता. गाव लहान. चर्चभोवती पंचवीस-तीस ख्रिस्ती घरं, पलीकडे ओढा, ओढ्यापलीकडे ज्वारी. थोमा मास्तर इथल्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी कीर्तन करायचे. अनुग्रहला अक्षर ओळखायला त्यांनी शिकवलं, शास्त्र मोठ्यानं वाचायला त्यांनीच शिकवलं, आणि कीर्तनात टाळ धरायलाही त्यांनीच. आता मास्तर ऐंशीला टेकले होते. अनुग्रह पुण्याला नोकरी करत होता, पण लोक त्याला ओळखत ते नोकरीमुळे नव्हे.

‘सत्याची पारख’ या नावानं तो इंटरनेटवर लिहायचा, बोलायचा. कोणता उपदेशक चुकीचं शिकवतो, कोणत्या मंडळीत काय बिघडलंय, हे पुराव्यासकट दाखवायचा. चाळीस हजार माणसं त्याच्या मागे होती. उद्या, रविवारी दुपारी, नगरला तरुणांच्या मेळाव्यात त्याचं भाषण होतं. विषय : इंटरनेट आणि ख्रिस्ती माणसापुढचे धोके.

जाता जाता मास्तरांचा आशीर्वाद घ्यावा म्हणून तो वाट वाकडी करून आला होता. आणि खरं सांगायचं तर, मास्तरांनी पाठ थोपटावी म्हणूनही.

“किती धोके काढलेस?” मास्तरांनी विचारलं.

“सात.” अनुग्रह खुलला. फोन काढून वाचू लागला. “पाळकाच्या नावानं येणारे फसवे निरोप. जगाच्या अंताच्या खोट्या तारखा. घाणेरडी चित्रं. घरबसल्या उपासना बघून चर्च सोडणं...”

“आणि सकाळी उठून शास्त्र कुठं वाचतोस?”

“फोनमध्येच. सगळी भाषांतरं आहेत त्यात.”

“उघडलं की लगेच शास्त्र?”

अनुग्रह हसला. “लगेच कसं... आधी निरोप आलेले असतात. कोणी काही वाईट लिहिलेलं असतं, त्याला उत्तर द्यावं लागतं.”

“मग शास्त्रापर्यंत पोचायला किती वेळ लागतो?”

“कधी तासभर... कधी राहूनच जातं.” तो जरा ओशाळला. “हा आठवा धोका लिहून घेतो, मास्तर. चांगला आहे.”

मास्तरांनी मूठभर शेंगा त्याच्यापुढे सरकवल्या. तोही सोलू लागला. बोटांना सवय राहिली नव्हती, नखात शेंगेची शीर गेली.

“मीही बघतो तुझं,” मास्तर म्हणाले. “मुलीनं फोन दिलाय. चष्मा लावून रोज बघतो.”

“खरंच?” अनुग्रहला भरून आलं. “कधी सांगितलं नाही तुम्ही!”

“भाद्रपदात एका म्हाताऱ्या बाईचं काही टाकलं होतंस. टाळ वाजवत गात होती.”

अनुग्रहला आठवायला वेळ लागला नाही. “हो, ते फार चाललं! अकराशे लोकांनी उत्तरं लिहिली. जालन्याकडची कुठली तरी प्रार्थनासभा होती.”

“काढ. वाच मला, काय लिहिलं होतंस.”

अनुग्रहनं शोधून काढलं. घसा साफ केला आणि वाचलं,

“‘कपाळाला टिकला, हातात टाळ आणि तोंडी येशूचं नाव! एका पायात वहाण आणि एका पायात खडावा घालून स्वर्गाची पायरी चढता येत नाही, आजीबाई. विश्वासणाऱ्यांनो, असल्या नाटकापासून सावध!’”

मास्तरांचे हात थांबले.

“वहाण आणि खडावा...” ते म्हणाले. “ते वाक्य कुणाचं?”

अनुग्रहनं फोन खाली केला. मग हळूच म्हणाला, “तुमचं. तुमच्या कीर्तनातलं.”

“माझं. तीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा मला फार कळत होतं.” मास्तरांनी मांडीवरची टरफलं झटकली. “त्या वाक्यावरूनच मी तुला ओळखलं. तोवर ‘सत्याची पारख’ म्हणजे कोण, मला ठाऊक नव्हतं. तुझा चेहरा मी त्यानंतर शोधला.”

...

“किती वेळ बघितलं होतंस तू तिला?”

“आलं होतं तेवढं. बारा सेकंद.”

“आवाज ऐकलास?”

अनुग्रहनं खाली पाहिलं. “ऑफिसात होतो. आवाज बंद होता.”

मास्तर भिंतीला धरून उठले. वहाणा पायात सरकवल्या.

“चल.”

“कुठं?”

“मार्थाबाईंकडं.”

अनुग्रहचा चेहरा उजळला. मार्थाबाई! त्याला आधी का नाही सुचलं? मार्थाबाई गावची बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायच्या, आजाऱ्याजवळ बसून प्रार्थना करायच्या. आई ऊसतोडीला गेली की अनुग्रह त्यांच्याच घरी असे. सहा-सहा महिने. त्यांच्या हातची बाजरीची भाकरी, वर लसणाची चटणी, आणि जेवण झालं की त्यांच्या मांडीवर डोकं. त्या गात गात त्याला थोपटायच्या. गाण्यात मेंढपाळ असे आणि काट्यात अडकलेलं कोकरू असे, आणि कोकरू सापडायच्या आतच त्याला झोप लागे.

चर्चच्या मागच्या बोळातून दोघं चालले. घंटेचा खांब तोच होता. चिंचेखालचा दगडही तोच. पावसाळ्यात या दगडावर बसून मार्थाबाई सगळ्या पोरांच्या डोक्याला तेल लावत. एका रांगेत नऊ-दहा डोकी. तेलाचा वास अनुग्रहच्या नाकात भरला. तो मनाशी म्हणाला, दर वर्षी यायला पाहिजे होतं.

“कशा आहेत बाई? अजून गातात?”

मास्तर बोळाच्या टोकाकडं वळले.

मार्थाबाई दारात उन्हाला बसल्या होत्या. केवढ्या वाळल्या होत्या! गाल आत गेलेले, दात सगळे पडलेले. पदर थेट भुवयांपर्यंत ओढलेला.

“सलाम, बाई,” मास्तर म्हणाले. “कोण आलंय बघा.”

त्यांनी डोळे बारीक केले. मग एकदम दोन्ही हात पुढे आले.

“अन्या? माझा अन्या व्हय रं? या बया! किती उंच झाला! आरं, ये की जवळ. जेवलास का?”

अनुग्रह त्यांच्यापुढे उकिडवा बसला. त्यांनी त्याचं तोंड कुरवाळलं, बोटं कानशिलावर मोडली. हात तसेच खरखरीत होते. त्याचे डोळे पाणावले. इतक्या वर्षांत पुण्यात त्याच्या तोंडावरून कुणी हात फिरवला नव्हता.

बोटं मोडताना त्यांचा पदर मागे सरला.

कपाळावर मधोमध एक खपली होती. रुपयाएवढी. कडेनं लाल, मधे काळपट. आणि खपलीच्या खालून, अर्धवट पुसलेले, हिरवट तीन ठिपके.

अनुग्रह ते बघत राहिला.

ते ठिपके त्यानं शेकडो वेळा मोजले होते. मांडीवर पडून, बोट लावून. एकदा विचारलंही होतं, बाई, हे काय? तेव्हा मार्थाबाईंनी त्याचं बोट धरून एकेका ठिपक्यावर ठेवलं होतं. ह्यो बाप. ह्यो पुत्र. आन् ह्यो पवित्र आत्मा. तीन हायेत, पन कपाळ येकच हाय का न्हाई? पुढं पुण्याला शास्त्राच्या वर्गात याच गोष्टीवर त्यानं चाळीस पानं लिहिली, पण त्याला ती कळली होती ती त्या दिवशी.

“बाई... हे काय झालं?”

त्यांनी घाईनं पदर पुढे ओढला.

“काय न्हाई रं.”

“सांगा त्याला,” मास्तर म्हणाले.

“काय सांगायचं... जालन्याला भाचीकडं गेले व्हते. तिथं गायले. कुनीतरी फोनात घेतलं. मग हितं पोरांनी मला दावलं. कुनीतरी मोठ्या मानसानं लिवलंय म्हनं, ह्या बाईनं टिकला लावलाय, ही येशूची न्हाई.” त्यांचा आवाज खाली गेला. “टिकला न्हाई रं त्यो. आईनं गोंदलं व्हतं. सात वर्साची व्हते मी. तवा आमाला येशू ठावं नव्हता.”

“मग...?”

“मग ईटकरीचा तुकडा घेतला नि रोज घासलं. निघंना. रगात आलं, पन निघंना.”

समोरच्या आवारात कोंबड्या माती उकरत होत्या.

“परवा मास्तर म्हनले, घासू नका. म्हनून थांबले. पन आता चर्चात जायला लाज वाटती. सगळी कपाळाकडंच बघत्यात.”

अनुग्रहला उठून पळून जावंसं वाटलं. त्याच्या हातात अजून फोन होता.

मास्तर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी शांतपणे सांगितलं,

“मघाशी मला वाचून दाखवलंस ते बाईंना वाचून दाखव.”

“मास्तर...”

“तसंच. त्याच आवाजात.”

“मास्तर, मला नाही...”

“चाळीस हजारांना वाचायला दिलंस. ही एकच आहे.”

मार्थाबाई एकदा याच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होत्या. “काय वाचायचंय? वाच की रं. तू वाचायचास ते मला लई आवडायचं. सपष्ट वाचायचा.”

अनुग्रहनं फोन वर धरला. अक्षरं पुसट झाली. “कपाळाला टिकला,” तो म्हणाला. “हातात टाळ...” पुढचं त्याच्या तोंडातून निघेना. मास्तर वाट बघत राहिले. अखेर त्यानं वाचलं. एकेक शब्द, पोर धडा वाचतं तसं, थांबत थांबत. ‘आजीबाई’ या शब्दावर त्याचा आवाज फुटला. तरी त्यानं शेवटपर्यंत वाचलं.

“हां. हेच ते,” मार्थाबाई म्हणाल्या. “तुज्याकडं बी आलं व्हय? कुनी लिवलं, कळलं का रं?”

...

“मी.”

त्यांना ऐकू आलं नाही असं त्याला वाटलं. तो पुन्हा म्हणाला, “मी लिहिलं, बाई. मला कळलं नाही की तुम्ही आहात. मी नीट बघितलं नाही.”

मार्थाबाई बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

मग त्यांनी मान हलवली.

“तू लिवलंस?... मग खरंच आसंल, बाबा.”

“नाही, बाई!”

“न्हाई कसं? मला वाटलं, कुनी अनोळखी मानूस हाय, त्याला काय ठावं. पन तू तर आमच्यातलाच. शिकलेला.” त्यांनी पदर आणखी खाली ओढला. “तुला माज्याबद्दल समदं ठावं हाय.”

आणि त्या भिंतीला धरत उठल्या, आत गेल्या. जाताना म्हणाल्या, “भाकरी टाकते. उपाशी जाऊ नगंस.”

अनुग्रह तिथंच बसून राहिला. आतून पीठ मळल्याचा आवाज येत होता.

भाकरी आली. चटणीही आली. त्यानं खाल्ली. प्रत्येक घास गिळायला त्याला पाणी लागलं.

परत येताना चिंचेपाशी तो थांबला. त्यानं ते बारा सेकंद काढून टाकले, लिहिलेलं काढून टाकलं, खालची अकराशे उत्तरंही त्याबरोबर गेली.

“पुसलं, मास्तर.”

“बरं.”

“पण लोकांनी पुढे पाठवलं असणार. कुठं कुठं गेलं असेल...” तो येरझाऱ्या घालू लागला. “मी असं करतो. सगळ्यांसमोर माफी मागतो. आत्ताच. बाईंच्या पायाशी बसतो, व्हिडिओ करतो, सगळं कबूल करतो. काही लपवत नाही.”

“किती लोक बघतील?”

“चाळीस हजार तरी. जास्तच. असलं लोक जास्त बघतात...”

तो बोलता बोलता थांबला. आपण काय बोललो, ते त्याच्याच कानावर पडलं होतं.

मास्तर पुढं चालू लागले होते. तो मुकाट त्यांच्यामागून गेला. ओसरीवर परात तशीच होती. मास्तर बसले आणि उरलेल्या शेंगा सोलू लागले.

“मग काय करू मी?” अनुग्रहनं विचारलं. आता त्याच्या आवाजात वकिली राहिली नव्हती.

“दाणे अजून कमी आहेत,” मास्तर म्हणाले. “आमटी दोघांची करायचीय.”

अनुग्रहनं नगरला फोन लावला. उद्या येऊ शकत नाही म्हणाला. पलीकडचा माणूस चिडला, पत्रकं छापली म्हणाला, कारण विचारू लागला. अनुग्रह म्हणाला, “मला त्या विषयातलं कळत नाही.” मग त्यानं फोन बंद केला. नुसता आवाज नव्हे, अगदी पुरता बंद. आणि मास्तरांसमोर बसून शेंगा सोलू लागला.

रविवारी सकाळी घंटा त्यानंच वाजवली. दोर ओढला तसा खांबावरचा पारवा उडाला. मंडळी जमली. वयानं पन्नाशीच्या आतबाहेरची सारी, काही ओळखीची, काही विसरलेली. कुणी म्हणालं, पारध्यांचा ना तू? कुणी म्हणालं, केवढा झालास! लहानपणी इथं बसायला जागा मिळत नसे. आता बाकं निम्मी रिकामी होती. पण चटईचा वास तोच, खिडकीतून येणारं ऊन त्याच जागी पडत होतं, आणि पेटीचा एक सूर अजूनही तसाच फाटका लागत होता.

मार्थाबाई आल्या नव्हत्या.

उपासना सुरू झाली. प्रार्थना झाली. भजनाची वेळ आली तेव्हा मास्तरांनी तबला पुढे ओढला आणि खुंटीकडं बोट केलं. खुंटीवर टाळ लटकत होते. भाद्रपदापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता.

“मी?” अनुग्रह कुजबुजला.

मास्तरांनी तबल्यावर ठेका धरला.

अनुग्रहनं टाळ घेतले. बोटांत दोरी अडकवली. चाळीस हजारांशी बोलणारा माणूस तीस माणसांपुढं उभा राहिला. त्यानं डोळे मिटले. त्याला एकच गाणं येत होतं, झोपताना ऐकलेलं.

*मेंढपाळ माझा । उभा काट्यांमधी ।*
*हाक त्याची आधी । माझ्या नावा ॥*

आवाज चिरकत होता. टाळ एकदा पुढे पडला, एकदा मागे. मंडळी धरून घेत होती. दुसरं कडवं आलं.

*चुकलं कोकरू...*

पुढं काय? पुढचं त्याला आठवेना. या ओळीपर्यंत येईतो तो नेहमी झोपलेला असे. त्यानं पुन्हा म्हटलं, *चुकलं कोकरू...* आणि अंदाजानं काहीतरी जोडलं, *काटा रुते ज्याला...* पेटीवाला गोंधळला. सूर अधांतरी राहिला. मास्तरांचा ठेका तेवढा चालू होता, धीमा, एकसारखा, घाई न करता.

“आरं, न्हाई!”

आवाज दाराकडून आला.

मार्थाबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. केव्हा आल्या होत्या, कुणास ठाऊक. काठीवर भार टाकलेला, श्वास लागलेला, आणि चेहऱ्यावर निखळ वैताग. भाकरी करपताना बघून यावा तसा.

“कोकरू कुठं हाय त्ये आधी सांग की! मधलं समदं खाल्लंस!”

आणि त्यांनी तिथूनच सूर लावला. बोळक्या तोंडातून शब्द घरंगळत होते, पण सूर हलला नाही.

*ओढ्याच्या काठाला । काटा रुते ज्याला ।*
*तोच जाणे ॥*

गात गात त्या आत आल्या. लोक सरकले. त्या पुढच्या चटईवर बसल्या, अनुग्रहच्या पायाशी, आणि हातानं त्याला खूण केली, टाळ नीट वाजव, दुसऱ्या मात्रेवर. पदर खांद्यावर आला होता. कपाळ उघडं पडलं होतं, खपली, ठिपके, सगळं. त्यांनी तो सावरला नाही. गाण्याच्या भरात राहून गेलं की मुद्दाम, ते अनुग्रहला कळलं नाही.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. टाळ हातात तसेच राहिले. तो मास्तरांकडं वाकला.

“मास्तर... बाईंनी मला माफ केलं का?”

मास्तरांनी ठेका सोडला नाही. मानही वर केली नाही.

“अजून तीन कडवी आहेत,” ते म्हणाले.